मुलाखत क्रमांक सत्तेचाळीस

विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात दुसऱ्या मजल्यावर जिन्यामागं एक खोली होती. पूर्वी तिथं झाडू आणि फिनेलचे डबे ठेवत. मग डबे हलले, एक टेबल आलं, संगणक आला, पायानं दाबायचं एक पेडल आलं आणि पाठोपाठ कानसेन आला. नाव त्याला होतं, पगारपत्रकावर ते छापूनही येई. पण विभागात शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळे त्याला कानसेनच म्हणत. ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करून काढायचा, हे त्याचं काम. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाचेनं दाबलं की चार सेकंद मागं. दिवसभर कानांवर हेडफोन आणि पाय हलता. दारातून बघणाऱ्याला वाटावं, माणूस शिलाई मशीनवर बसलाय.

हे कान आपल्याला बापानं दिले असं तो म्हणायचा, आणि एका अर्थी ते खरंच होतं. तो नऊ वर्षांचा असताना बापाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बाप गॅरेजमध्ये गाड्यांना फवाऱ्यानं रंग मारायचा. जीव वाचला, आवाज गेला. मागं राहिली ती नुसती घरघर, फुगलेलं दार फरशीवर घासावं तशी. ती आईला कळेना, थोरल्या भावाला कळेना. कळायची ती फक्त या धाकट्याला. मग दवाखान्यात, दुकानात, घरमालकाकडं बापाबरोबर हाच जायचा. बाप घरघर करी, हा सांगे. बाप तोंडाचा तिखट होता. घरमालकाला तो जे बोले ते जसंच्या तसं पोचवलं असतं तर दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर आलं असतं. हा ते गाळून, धुऊन, घडी घालून पुढं द्यायचा.

आई विचारायची, "खरं सांग, काय म्हणाले ते?"

"दमलोय म्हणाले," हा सांगायचा.

बाप म्हणालेला असायचा, मला आता जगायचं नाही.

पुढं तो लघुलेखन शिकला आणि सोळा वर्षं न्यायालयात साक्षी उतरवून घेत बसला. तिथं गाळायची सोय नव्हती. साक्षीदार अडखळला तर अडखळला असं लिहायचं, प्रत्येक कागदावर तारीख घालायची, आपली आद्याक्षरं घालायची. मग न्यायालयात यंत्रं आली आणि लघुलेखकांना हार घालून घरी पाठवलं. पन्नाशीला टेकलेला हा माणूस वर्षावर्षाच्या करारावर विद्यापीठात आला. बायको शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात होती; तिची नोकरी पक्की होती. मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. दोघांचं ठीक चाललं होतं.

त्या वर्षी विभागातल्या सरांना मोठा प्रकल्प मिळाला. सर संशोधनात बुडालेला माणूस, मनानं सरळ, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. एखादी वस्तू कुणाच्या तरी डोक्यात येते तिथपासून दुकानाच्या फळीवर येते तिथपर्यंत कंपनीच्या आत काय काय घडतं, हा त्यांचा विषय. एका कंपनीला त्याला दोन वर्षं लागतात, दुसरी सात महिन्यांत मोकळी होते, ते कसं? कोण ढकलतं, कोण अडवतं, आणि अडवणारा शेवटी बाजूला कसा होतो? तीन कंपन्या निवडल्या, एकशेचाळीस मुलाखती ठरल्या. सरांची सहायिका रेकॉर्डर घेऊन कंपन्यांमध्ये जायची आणि आवाज आणून कानसेनच्या टेबलावर ठेवायची. कानसेननं टाइप केलेल्या पानांवर ओळींचे आकडे पडत. मग सर आणि सहायिका रंगीत पेन्सिली घेऊन बसत. नव्या वस्तूला पाठिंबा देणारं वाक्य हिरवं, विरोध करणारं लाल.

कानसेनला हे काम आवडायचं. ज्यांची तोंडं कधी बघितली नाहीत अशी माणसं त्याच्या ओळखीची झाली. वरच्या साहेबांचे आवाज इस्त्री केलेले असत. मधल्यांचे आवाज वरच्यांसारखे व्हायला बघत. कारखान्यातली माणसं आधी घसा साफ करत आणि मग "हे कुठं छापणार नाही ना?" असं विचारत. सुरुवातीला तो सगळं लिहायचा: हसतात, थांबतात, उसासा टाकतात. सरांनी एकदा बोलावून समजावलं, "अहो कानसेन, आपल्याला नाटक बसवायचं नाही. मजकूर स्वच्छ हवा." तेव्हापासून हसणं-थांबणं बंद झालं. आवाज कळलाच नाही तर तेवढं कंसात 'अस्पष्ट' लिहायची मुभा राहिली.

सत्तेचाळिसावी मुलाखत पाणी तापवायचे हीटर बनवणाऱ्या कंपनीतली होती. बोलणारी बाई तिथल्या चाचणीच्या खोलीत तेवीस वर्षं काम करत होती. कंपनीत तिला मोडबाई म्हणत. तिनंच सहायिकेला तसं सांगितलं, मुळीच राग न ठेवता. "माझं काम वस्तू मोडायचं. मी मोडायला बघते, मोडली नाही तर तुम्ही विका." आवाज घोगरा, सावकाश, वर्षानुवर्षं यंत्रांच्या वरून बोलून बोलून तसा झालेला. कानसेनला तो पहिल्या मिनिटालाच आवडला. बाई प्रश्नाला उत्तर द्यायची आणि गप्प बसायची. उगाच शेपूट जोडायची नाही.

तिचं म्हणणं असं होतं. नव्या हीटरमध्ये वाफेचा दाब सोडणारी पितळी झडप काढून प्लॅस्टिकची घातली होती. हलकी होती, लवकर बनायची. चाचणी नव्वद दिवसांची असायची. वस्तू हंगामाआधी बाजारात यायला हवी म्हणून ती तीस दिवसांवर आणली. तीस दिवसांत झडप अडकत नव्हती. पण बाईनं आपल्या जबाबदारीवर एक नमुना क्षाराच्या पाण्यावर चालूच ठेवला. साठाव्या दिवसाच्या आसपास झडपेत पांढरा थर बसला आणि ती उघडेना.

"मग तुमचं शेवटचं मत काय?" सहायिकेनं विचारलं, आणि नेमका त्याच क्षणी बाईच्या मागं कुठलातरी पंप सुरू झाला. गुरगुर नव्हे, किंचाळल्यासारखा, धातूवर धातू घासणारा. त्यात बाईचं उत्तर बुडालं. कानसेननं दोनदा मागं जाऊन ऐकलं. त्या आठवड्यात बारा मुलाखती संपवायच्या होत्या, सरांना परिषदेला जायचं होतं. त्यानं लिहिलं: "(अस्पष्ट) भागात ही झडप (अस्पष्ट) दिली तरी चालेल." ती ओळ दोनशे चौदावी होती. पान सरांकडं गेलं.

ती जागा मात्र त्याच्या कानात सलत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी मुलाखत लावायच्या आधी त्यानं तीच पुन्हा लावली. वेग निम्म्यावर आणला, एक कान हातानं दाबून धरला आणि पंपाच्या खालून बाईचा आवाज सोलून काढला. बाई म्हणत होती: "क्षाराचं पाणी आहे त्या भागात ही झडप देऊ नका, माणूस मरेल. गोडं पाणी असेल तिथं दिली तरी चालेल."

त्यानं ते पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर उतरवलं आणि सहायिकेच्या टेबलाशी गेला. ती आकड्यांच्या तक्त्यात मान घालून बसली होती.

"सत्तेचाळीसमध्ये एक ओळ सुटली होती. आता लागली."

"कुठली?"

"दोनशे चौदा."

"कानसेन, ती पानं काल रात्री बसून रंगवून झाली. आता मध्ये ओळ घातली की खालचे सगळे आकडे सरकणार. मी परत अख्खा दिवस घालवायचा का?"

"महत्त्वाचं वाटतंय."

"एकशेचाळीस मुलाखतींतली एक ओळ. सर काय एका ओळीवर निष्कर्ष काढणार आहेत?"

अर्थ उलटा होतोय, एवढं म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण मुलगी थकलेली दिसत होती, करार नवा व्हायचा होता, आणि आपण केलेली चूक आपणच मोठी करून दाखवायला माणूस जरा मागं सरतोच. तो परत आला. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. अठ्ठेचाळिसावी मुलाखत लावली. ती एका विक्री अधिकाऱ्याची होती आणि फार लांब होती.

हीटर त्या हंगामात बाजारात आला. कंपनीला सरांनी ठरल्याप्रमाणे एक अहवाल दिला, त्यात नावं नव्हती, फक्त विभाग होते. रंगीत तक्त्यात सगळी कंपनी हिरवी आणि एकच चौकोन लालभडक होता: चाचणी विभाग. त्या विभागात बोलणारी माणसं दोन, त्यातला एक नुकताच लागलेला. दोन महिन्यांनी मोडबाईला गोदामात बदललं. सरांना हे कळलं नाही, कानसेनलाही नाही. त्यांच्याकडं पुढच्या कंपनीचे आवाज यायला लागले होते.

दोन वर्षांनी सरांचं पुस्तक आलं. चांगलं जाडजूड, देखणं. विभागात छोटा समारंभ झाला. सहायिकेला तोवर त्याच हीटरच्या कंपनीत नवीन उत्पादनांच्या विभागात मोठी जागा मिळाली होती. ती फुलं घेऊन आली. पुस्तकाच्या आरंभी आभार होते, त्यात 'टंकलेखन साहाय्य' एवढे दोन शब्द होते. सरांनी कानसेनला एक प्रत सही करून दिली. त्यानं ती घरी नेली, बायकोनं कागदाचं कव्हर घातलं, पुस्तक कपाटावर गेलं. सहाव्या प्रकरणाचं नाव होतं 'नाही म्हणणारे हो कसे म्हणतात'. ते त्यानं उघडलंही नाही.

चौथ्या वर्षी, थंडीत, शहराच्या टोकाला नोकरी करणाऱ्या बायकांच्या एका वसतिगृहात सकाळी सहाच्या सुमारास हीटर फुटला. तिकडं सगळं जमिनीखालचं पाणी, बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरणारं. न्हाणीघराच्या दाराशी दोघी रांगेत उभ्या होत्या, एक आत होती. आतली एका बँकेत रोखपाल होती. ती तीन दिवसांनी गेली. बाहेरच्या एकीचा डोळा गेला.

कानसेनच्या बायकोनं त्या दिवशी घरी आल्यावर चपला काढल्या आणि तशीच खुर्चीत बसून राहिली. भाजलेल्या माणसांच्या चादरी वेगळ्या टोपलीत येत. त्यांना हात लावायची पाळी तिची होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. एक पोरगी आणलीय. पाणी तापवायचं यंत्र फुटलं म्हणे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "चादर सोडवायला लागते अंगापासून."

त्यानं चहा केला. यंत्र कुठल्या कंपनीचं, हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पेपरांत मग रोज येऊ लागलं. त्याच हीटरचे आणखी सहा अपघात निघाले, सगळे क्षाराच्या पाण्याच्या वस्त्यांतले, आधी घरातल्या घरात मिटवलेले. चौकशी समिती बसली. मोडबाईला बोलावलं. ती म्हणाली, मी सांगितलं होतं. आत सांगितलं होतं, आणि विद्यापीठाची माणसं आली तेव्हा त्यांनाही सांगितलं होतं. कंपनीच्या आतल्या कागदांत तसं काही सापडलं नाही. सापडली ती तीस दिवसांच्या चाचणीवरची तिची सही. आणि मग कंपनीच्या वकिलानं पिशवीतून सरांचं पुस्तक काढलं आणि सहाव्या प्रकरणातला परिच्छेद वाचून दाखवला: आरंभी कडाडून विरोध करणारी चाचणी विभागातली ही अनुभवी कर्मचारी मुलाखतीच्या अखेरीस मात्र म्हणते, 'ही झडप दिली तरी चालेल.'

समितीनं विद्यापीठाकडं मूळ मजकूर मागवला. कपाटं कानसेनच्या ताब्यात होती. सरांनी फोन करून सांगितलं, "सत्तेचाळीसची फाइल काढा आणि झेरॉक्स करून वर पाठवा." त्यानं फाइल काढली. यंत्रावर पान ठेवताना त्याची नजर गेली. कागद काचेवर, झाकण हातात, आणि तो तसाच उभा. पुस्तकातलं वाक्य पेपरात छापून आलं होतं; कंसातले दोन्ही शब्द त्यात नव्हते, 'भागात'ही नव्हतं. मजकूर स्वच्छ झाला होता. पानाच्या तळाशी त्याची आद्याक्षरं होती.

तो वर गेला.

"सर, यात चूक आहे. माझी."

सरांनी चष्मा काढला. कानसेननं सगळं सांगितलं: पंप, दुसऱ्या दिवशीचं ऐकणं, चिठ्ठी, सहायिकेशी झालेलं बोलणं. सर ऐकत गेले आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"आवाज कुठाय?"

"पुसला. तीन वर्षांनी पुसायचा असं बोलणाऱ्यांना लिहून दिलं होतं आपण. तुमच्याच सहीनं पुसलाय, गेल्या वर्षी."

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांनी सहायिकेला फोन लावला, त्याच्यासमोरच. ती म्हणाली, मला असं काही आठवत नाही. कदाचित तिला खरंच आठवत नसेल. तिच्या दृष्टीनं तो एक साधा कामाचा दिवस होता.

"कानसेन," सर म्हणाले, "मी काय सांगू समितीला? माझ्यासमोर जो कागद होता त्यावर मी लिहिलं."

"कागदावर दोनदा अस्पष्ट होतं सर."

"वाक्य तर पूर्ण होत होतं," सर म्हणाले. "मला ते वाक्य हवं होतं. सगळ्या प्रकरणाला तेच हवं होतं." एवढं ते बोलले, आणि ते त्यांनी दुसऱ्या कुणासमोर कधी म्हटलं नाही.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. भाजी चिरता चिरता ती थांबली. सगळं ऐकून घेतलं. समितीपुढं गेलो तर करार पुढं होणार नाही, हेही त्यानं सांगितलं. ती नको म्हणेल अशी आशा त्याला असावी.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "नाही गेलात तर इथं तोंड पाडून बसाल, आणि रोज ते मला बघावं लागेल. मी दिवसभर काय कमी बघते?"

"जाऊन उपयोग होईल असं नाही."

"मी उपयोगाचं म्हटलं का?"

तो गेला. ड्रॉवर उपसून चिठ्ठी सापडली होती, कडा पिवळ्या पडलेली. ती खिशात होती. समिती एका सरकारी इमारतीच्या लांब खोलीत बसली होती. तिघेजण, समोर पाण्याचे ग्लास, एका कोपऱ्यात मुलाखतीतल्या आवाजाची बाई. त्यानं तिला पहिल्यांदाच बघितलं. ठेंगणी, केस पांढरे, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. ती त्याच्याकडं बघत नव्हती. तो कोण हे तिला माहीत नव्हतं.

त्यानं सांगायला सुरुवात केली. कंपनीचा वकील सौम्य माणूस होता, आवाज चढवत नव्हता.

"एकूण मुलाखती किती टाइप केल्यात?"

"एकशेचाळीस. त्यानंतर आणखी दोनेकशे."

"आणि चार वर्षांपूर्वीची त्यातली एक ओळ तुम्हाला तोंडपाठ आहे."

"आहे."

"तेव्हा यंत्र समोर होतं, आवाज समोर होता, तेव्हा तुम्ही लिहिलंत अस्पष्ट. आज आवाज नाही, तर म्हणता स्पष्ट. समितीनं कुठलं खरं धरायचं?"

कानसेननं चिठ्ठी काढली. ती हातोहात फिरली. वकिलानं ती उजेडाकडं धरली.

"यावर तारीख नाही."

"नाही."

"सही?"

"नाही. घाईत लिहिली होती."

"न्यायालयात किती वर्षं होतात?"

"सोळा."

"तिथं विनातारखेचा, विनासहीचा कागद कुणी दाखल करून घेतला असता?"

सोळा वर्षं त्यानं अशा प्रश्नांची उत्तरं उतरवून घेतली होती. उत्तर काय आहे हे त्याला वकिलाइतकंच पक्कं ठाऊक होतं. "नसता," तो म्हणाला. कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुणी लघुलिपीत नाही, लॅपटॉपवर लिहून घेत होती. तिनं तेही लिहून घेतलं.

अहवाल तीन महिन्यांनी आला. त्यात झडपेच्या रचनेतल्या दोषावर चार पानं होती. चाचणीची मुदत कमी कुणी केली याबद्दल 'सामूहिक निर्णय' असं म्हटलं होतं. निष्काळजीपणा एकाच नावावर होता, कारण सही एकाच नावाची होती. बाईची निवृत्तीची सगळी रक्कम अडकली आणि तिच्यावर खटला भरला गेला. कानसेनबद्दल दीड ओळ होती: टंकलेखकाचे निवेदन विचारात घेतले, त्यास पुष्टी मिळत नाही. सरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही, एवढंच. ते दुसऱ्या विद्यापीठात गेले. कानसेनचा करार संपला तो संपलाच. जिन्यामागच्या खोलीला कुलूप लागलं. विभागानं आता आवाज ऐकून आपोआप लिहिणारं काहीतरी घेतलं होतं. ते अडत नाही, कळलं नाही तर जवळचं काहीतरी लिहून पुढं जातं, असं शिपायानं त्याला सांगितलं.

एका रविवारी पत्ता शोधून तो बाईच्या घरी गेला. तिसरा मजला, अरुंद गॅलरी, दाराबाहेर वाळत घातलेले पांढरे कपडे. दार तिच्या थोरल्या बहिणीनं उघडलं आणि नाव ऐकून ती आत गेली. बऱ्याच वेळानं बाई आली.

"साक्षीला आलात म्हणून आत घेते," ती म्हणाली. "बसा."

खोली नीटनेटकी होती. टेबलावर न्यायालयाच्या कागदांचा गठ्ठा, वर इस्त्रीचं वजन.

"माफी मागायला आलोय."

"माझी मागून काय होणार? जिची मागायची ती मेली."

बहिणीनं पाणी आणून ठेवलं आणि दाराशीच उभी राहिली.

"सही मी केली हे खरंय," बाई म्हणाली. "तीस दिवसांत झडप अडकत नाही, असा कागद होता. ते खरंच होतं. मी खऱ्यावर सही केली. पुढचं कुणी विचारलंच नाही." तिनं हातावरचा एक डाग अंगठ्यानं चोळला. "एक विचारू? त्या वेळी मागं कसला आवाज होता?"

"पंपाचा. किंचाळल्यासारखा. दर चारेक मिनिटांनी सुरू व्हायचा."

"दोन नंबरचा. त्याचं बेअरिंग गेलं होतं." ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "दुरुस्त करा म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं."

खालून कुणीतरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"कंपनीत तेवीस वर्षं काढली," बाई म्हणाली. "आपलं कुणी ऐकत नाही, हे पाच वर्षांतच कळलं होतं. त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मग ती पोरगी आली, विद्यापीठातनं. म्हणाली, तुमचा शब्दन् शब्द लिहून घेणार आहोत. मला वाटलं, चला, कुठंतरी कागदावर तरी राहील. म्हणून दोन तास बसले. नाहीतर मी दोन तास बोलणारी बाई नव्हे."

कानसेनला बोलायचं होतं. तुमचा आवाज मला आवडला होता, हे सांगावंसं वाटलं आणि त्या विचाराचीच त्याला शरम वाटली. "मी शपथेवर लिहून देतो," तो म्हणाला. "तुमच्या वकिलाला हवं ते. पंपासकट, सहायिकेसकट. आणि मी तेव्हा का गप्प बसलो तेही."

"का बसलात?"

"करार व्हायचा होता. आणि चूक माझी होती."

बाईनं मान हलवली. माफ केलं असं त्यात काही नव्हतं. ऐकलं, एवढंच होतं. "मंगळवारी वकील भेटतो," ती म्हणाली. "अकराला या. आणि तारीख घाला या वेळी."

मंगळवारी तो गेला. प्रतिज्ञापत्र साडेचार पानांचं झालं. प्रत्येक पानाखाली त्यानं सही केली, तारीख घातली. वकील म्हणाला, याचं वजन फार पडणार नाही, पण असू द्या.

त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. कानसेनला एका औषधाच्या दुकानात पावत्या करायचं काम मिळालंय. अहवालाविरुद्ध बाईनं केलेल्या अपिलाच्या आजवर पाच तारखा पडल्या. एकदा कंपनीच्या वकिलानं मुदत मागितली, एकदा कागद पोचले नव्हते, एकदा संप होता. प्रत्येक तारखेला तो दुकानातून अर्धी रजा काढून जातो. बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला बाई बसते, दुसऱ्या टोकाला तो. बहीण आता येत नाही. तिला जिना झेपत नाही. बाईचंही वजन उतरलंय. दोघं फारसं बोलत नाहीत. क्वचित ती विचारते, "घरी बऱ्या आहेत ना?" आणि तो म्हणतो, "आहे बरी."

पाचव्या तारखेला दुपारी पुकारणारा बाहेर आला आणि आज न्यायाधीश रजेवर आहेत, पुढची तारीख खिडकीवर कळेल, असं सांगून आत गेला. बाईनं पिशवी काखेला लावली. खिडकीशी रांग होती. ती रांगेत उभी राहिली आणि तिच्यामागं तोही उभा राहिला. पुढची तारीख अडीच महिन्यांनंतरची होती. तिनं ती पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतली, नीट वाचून बघितली आणि रस्ता ओलांडून आपल्या थांब्यावर गेली. त्याची बस अलीकडच्या बाजूनं यायची होती.